साहेबांच्या कॅरव्हॅनमधला वास

आखातातल्या आमच्या ऑफिसचे मराठी साहेब दर हिवाळ्यात वाळवंटात कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावून तिथेच मुक्काम ठोकायचे, आणि तिची तयारी करायची मी. पाण्याची टाकी धुऊन भरायची, गॅस सिलिंडर जोडायचा, वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायची. आणि याच माणसाने डब्यातल्या बोंबलांच्या वासावरून मला ऑफिसच्या जिन्यात जेवायला बसवलं होतं!

मंदी आली तेव्हा साहेबांनी पहिलं नाव माझं कापलं. दुसरीकडे शब्द टाकाल का, असं विचारलं, तर हसून म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." वर म्हणतात, "जायच्या आधी तेवढी कॅरव्हॅन तयार करून दे."

दिली. अगदी मन लावून दिली. रोल्लाच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील पाण्यात भिजवले, पलंगाखालची फळी काढून आत कोंबले आणि स्क्रू परत घट्ट पिळले.

आठवड्याभरात वाळवंटातून साहेबांचा फोन आला. "अरे, आत काहीतरी मेलंय! सगळं उपसलं, झोपवत नाही. कुठून येतोय हा वास? येऊन बघतोस का जरा?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला, साहेब. बघू."