लाकूडतोड्याची आई

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आमच्या मागच्या रांगेत एक कोरियन कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईचा नवरा आणि माझा नवरा एकाच कंपनीत इंजिनिअर, आणि आमच्या मुली एका वर्गात. शाळेच्या फाटकाशी आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, तेवढीच ओळख. मग लॉकडाऊन आला, नवरे वरच्या खोल्यांत लॅपटॉप उघडून बसले, आणि आम्ही दोघी दुपारच्या चालायला जाऊ लागलो. सायकलींच्या वाटेच्या कडेने, मध्ये दीड मीटर सोडून. वारा असला की ओरडूनच बोलावं लागे.

तिने मला ती गोष्ट सांगितली तीही अशीच ओरडून. एक लाकूडतोड्या म्हाताऱ्या आईबरोबर डोंगरात राहतो. तो एका हरणाला शिकाऱ्यापासून वाचवतो. हरीण त्याला सांगतं, अमुक तळ्यावर स्वर्गातल्या मुली आंघोळीला उतरतात, त्यातल्या एकीची पंखांची वस्त्रं लपव, म्हणजे ती तुझी बायको होईल. तसंच होतं. पुढे मुलं झाल्यावर एक दिवस तो वस्त्रं तिला दाखवतो, आणि ती नेसून, पोरांना काखेत घेऊन, बायको उडून जाते.

"मग?" मी विचारलं.

"मग पुष्कळ आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते."

मी तेव्हा नोकरी शोधत होते. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. त्या वसंतात ठरलेल्या दोन्ही मुलाखती रद्द झाल्या. दिवसभर घरात चौथा माणूस असल्यासारखं एक गप्पपण बसून असायचं. म्हणून मी एका मराठी ॲपवर ती गोष्ट क्रमशः लिहायला घेतली. प्रेमकथा, जादू, डोंगर, बर्फ. माझी नायिका गोरीपान आणि हट्टी, नायक कमी बोलणारा. दर आठवड्याला एक भाग. हळूहळू वाचक जमले, जवळजवळ सगळ्या बायका, आपापल्या घरांत अडकलेल्या.

आई चिंचवडला माझ्या भावाकडे राहायची. वहिनीने तिच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं. प्रतिक्रियेची जागा चारचौघांना दिसते हे आईच्या कधी ध्यानातच आलं नाही. नायक-नायिकेची पहिली भेट झाली त्या भागाखाली तिने लिहिलं, "छान आहे. सायकल सावकाश चालव." त्याखाली कुणीतरी हसणारे इमोजी टाकले होते.

सकाळी मी कॉफी घेऊन बसायचे तेव्हा तिकडे तिचं जेवण आटोपलेलं असायचं. एकदा फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "तुझा हिरो चोर आहे."

"अगं आई, दंतकथा आहे ती. तिकडची."

"तिकडची असू दे नाहीतर इकडची. बाईचे कपडे लपवायचे आणि वर म्हणायचं, माझ्याकडे राहा. ह्याला प्रेम म्हणतात होय? आणि तुझ्या त्या वाचक बायका खाली बदाम काय टाकतायत!"

"मग काय करू? कपडे दिले तर ती जाईल. गोष्टच संपेल."

"त्याला सांगायला लाव, स्वतःच्या तोंडाने. मग राहते का बघ."

मग ती म्हणाली, "लग्नाआधी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, माहितीये ना? बदली मिळाली नाही म्हणून नोकरी सोडली. कुणी लपवून नव्हती ठेवली. पण कुणी विचारलंही नाही, ठेवायचीय का तुला म्हणून."

हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिने वहिनीला हाक मारली आणि दुधाचं काहीतरी विचारू लागली.

मी तिचं ऐकलं. नायकाने सगळं कबूल केलं, वस्त्रं तिच्यासमोर ठेवली. ती आपल्या मर्जीने एक हिवाळा राहिली, मग मुलांना घेऊन गेली. तो तिच्यामागे वर गेला. कोरियन गोष्टीतही तो जातो. तळ्यातलं पाणी न्यायला स्वर्गातून बादली उतरते, तिच्यात बसून. वाचक बायका खूश झाल्या. शेवट झालाच असं धरून त्या अभिनंदन करत होत्या.

आईचा फोन आला. "आणि त्याची आई?"

"कुणाची?"

"तुझ्या हिरोची. पहिल्या भागात लिहिलंयस तू, म्हातारी आई आहे घरात. त्याला वर नेलंस. तिच्याकडे कोण बघतंय?"

तेव्हा मी तिला कोरियन मैत्रिणीने नंतर सांगितलेली उरलेली गोष्ट सांगितली. त्याला वर आईची आठवण येत राहते. बायको त्याला उडणारा घोडा देते आणि बजावते, भेटून ये, पण जमिनीला पाय लावू नकोस. तो अंगणात घोड्यावरूनच आईशी बोलतो. आई त्याच्यासाठी गरम लापशी आणते. ती घोड्याच्या पाठीवर सांडते, घोडा उधळतो, तो खाली पडतो. घोडा एकटाच वर जातो. त्याला पुन्हा कधीच वर जाता येत नाही.

 आई म्हणाली, "तिने द्यायलाच नको होती." आणि नंतर, "पण दारात आलेल्याला उपाशी कशी पाठवेल?"

"तो भाग कधी टाकतेस?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणाले. मला तो लिहवत नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. आईला ताप होता, मग दम लागू लागला, मग कुठेतरी बेड मिळाला. त्याच सुमारास भारतातून इकडे येणारी विमानं बंद झाली. जाता येत होतं, परतायचं कसं ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"तू जा," नवरा म्हणाला. "मी बघतो पोरीचं. दोन महिने, चार महिने, लागू देत."

मी तिकीट बघत होते तेवढ्यात भावाचा पुन्हा फोन. "येऊ नकोस. आत कुणाला सोडत नाहीत. मी स्वतः खाली पार्किंगमध्ये बसून असतो. तू येऊन माझ्या शेजारी बसशील, एवढंच."

एका नर्सने एकदा आईच्या तोंडासमोर फोन धरला. मास्कच्या आतून ती एक पूर्ण वाक्य बोलली. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. मी "हो आई, हो" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मुलगी शेजारी गणितं सोडवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आजी मेली का, असं डचमध्ये विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. ती पेन्सिल हातात धरून तशीच बसून राहिली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात पायरीवर झाकलेलं पातेलं होतं, आणि कोरियन मैत्रीण मागे कुंपणापाशी जाऊन उभी होती. तिचे वडील आदल्या शरद ऋतूत गेले होते. अंत्यविधी तिने पडद्यावर पाहिला होता. पातेल्यात लाल भोपळ्याची पातळ, गरम लापशी होती. मी झाकण उघडलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"आमच्याकडे आजाऱ्याला हेच देतात," ती घाईघाईने म्हणाली. "दुसरं काही मनात नव्हतं."

"माहितीये," मी म्हणाले. मी रडत होते आणि तिला जवळ येता येत नव्हतं. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, पाऊस भुरभुरायला लागला तरी.

शेवटचा भाग मी खूप उशिरा लिहिला. त्यात लापशी सांडत नाही. लाकूडतोड्या आपणहून घोड्यावरून उतरतो, ओट्यावर बसून जेवतो, आणि घोड्याला जाऊ देतो. वाचकांना आवडला नाही. एवढं प्रेम दाखवून असं कसं केलंत, असं एकीने लिहिलं. नंतर मी त्या ॲपवर काही लिहिलं नाही.

डिसेंबरात विमानं सुरळीत झाल्यावर चिंचवडला गेले. आईची कॉट भावाने देऊन टाकली होती आणि त्या जागी भाच्याचं टेबल आलं होतं. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. आई दुपारी त्यांना माझे भाग वाचून दाखवायची, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं काय झालं गं शेवटी?"

"ती वरच राहिली," मी म्हणाले.

"आणि पोरं?"

"तिच्याजवळ."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर गेल्या.