खजुराखालची मरियम

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळीत गव्हाणी मांडतात. गवत, मेंढरं, मरीया आणि तिच्या शेजारी काठी टेकून उभा असलेला योसेफ. लहानपणापासून बघत आलेय. गेली काही वर्षं मात्र ते बघताना मला मध्येच खजुराचं झाड दिसतं आणि योसेफ दिसतच नाही. हा सगळा माझ्या जुन्नरच्या घरमालकिणीचा प्रताप.

घोडेगावला पंचायत समितीत मला नोकरी लागली. नवऱ्याचं काम जुन्नरात होतं, म्हणून खोली तिथेच घेतली आणि मी एसटीने जाऊन-येऊन करू लागले. घरमालकीण खाली, आम्ही वर, आणि जिना तिच्या दारावरून. गल्ली तिला चाची म्हणायची, मीही म्हणू लागले. गल्लीतल्या मुली तिच्याकडे कुराण वाचायला शिकायच्या. सुट्टीच्या दिवशी त्यांचा आवाज मला वर ऐकू यायचा आणि झोपमोड झाली म्हणून मी करवादायचे.

मला दिवस गेले आणि थोड्याच दिवसांत नवरा पुण्यात जास्त पगाराचं काम मिळतंय म्हणून गेला. आधी फोन कमी झाले, मग बंदच. त्यानंतर सासूचा निरोप आला : तो म्हणतो, मूल माझं नाही. मी तशी तोंडाची तिखट. ऑफिसात माझ्याशी कोणी उगाच वाद घालत नाही. पण या निरोपानंतर मी भावाला फोन लावला. आई नव्हती. भावाने सांगितलं, आधी तुमचं तुम्ही मिटवा.

चाचीने काही विचारलं नाही. शेवटचा महिना लागला तशी ती रोज संध्याकाळी वाटीत खजूर घेऊन वर यायला लागली. मी खाल्ल्याशिवाय हलायची नाही.

"दिवस भरत आलं की आमच्यात खजूर देत्यात," ती म्हणाली. "बीबी मरियमनं खाल्ला व्हता."

"कोण, आमची मरीया?"

"तुमची एकट्याची कशी? आमची बी हाये. कुराणात तिच्या नावाचा आख्खा सूरा, म्हंजी अध्याय हाये."

मी चाट पडले. त्यानंतर रोज संध्याकाळी आमची जुंपायची. ती म्हणायची, हजरत ईसा, म्हणजे तुमचा येशू, कुमारीच्या पोटी जन्मले, त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना बरं केलं, हे सगळं आम्ही मानतो. पण ते पैगंबर. अल्लाला मूल नसतं. मी फणकारायचे. वधस्तंभाचा विषय निघाला तेव्हा तर मी हातातला खजूर वाटीत परत टाकला. तिचं म्हणणं, त्यांना कोणी मारू शकलंच नाही, अल्लाने वर उचलून घेतलं.

"मग आमचा गुड फ्रायडे काय उगाच?"

"तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. खजूर खा."

ती तसूभर हलली नाही आणि मीही नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. सगळं एकच आहे असं गोड बोलून विषय मिटवणारी माणसं मला सोसत नाहीत.

एकदा मी विचारलं, "तुमच्याकडे योसेफाचं काय सांगतात?"

"कोण योसेफ?"

"मरीयेचा होणारा नवरा."

ती आठवत बसली. "आमच्या कुराणात न्हाई बा. एकलीच व्हती ती."

त्या संध्याकाळी वाटीतले सगळे खजूर मी न सांगता खाल्ले.

कळा सकाळी सुरू झाल्या. चाचीने रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं. दुपारी त्या सोसवेनात तेव्हा मी ओरडले, याच्या आधीच मेले असते तर सुटले असते! नर्स म्हणाली, असं अभद्र बोलू नका. चाचीने तिला थांबवलं.

"बोलू दे तिला. बीबी मरियम बी हेच म्हणली व्हती."

माझ्या बायबलातली मरीया शांत. सगळं मनात जपून ठेवणारी. तिच्यापुढे मला कायम ओशाळल्यासारखं व्हायचं. ही मरियम खजुराच्या बुंध्याशी एकटी होती आणि मरण मागत होती, तरी देव तिच्यावर रागावला नाही. दुःख करू नकोस, असा आवाज आला. पायाशी झरा दिला. बुंधा हलव म्हटलं, तिने हलवला आणि ताजे खजूर पडले. चाची हे मला कळांच्या मधेमधे सांगत होती, हात न सोडता. मी देवाचे आभार मानले ते माझ्याच देवाचे, पण तिच्या गोष्टीसाठी. आजही मानते.

मुलगा झाला. बाळाला घेऊन मी घरी आले आणि त्याच आठवड्यात सासू आणि दीर आले. ते मूल आमचं नाही म्हणून परत गेले असते, तर माझ्या लेकराला जन्मभर लोकांनी बिनबापाचं म्हटलं असतं. ते जिना चढत होते तेवढ्यात चाची माझ्या कानाशी म्हणाली, "तू काय बी बोलू नको."

सासूने पाणीही घेतलं नाही. "हे पोर कुणाचं, ते सांग," म्हणाली. मी ओठ घट्ट मिटले. मला ते किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक. बाळ रडायला लागलं. मग चाचीच पुढे झाली.

"तुमचा पोरगा हितं राहत व्हता तवा माझ्या दारावरनं जात-येत व्हता. ही बी माझ्या दारावरनंच जाती. दुसरं कोण कवा जिना चढलं न्हाई. पोरगं तुमच्या घरचं हाये. नको असंल तर नका म्हणू आपलं, पर तिला इचारू नका."

दीर मोबाईलमध्ये बघत बसला. सासूने जाताना बाळाच्या तळपायाला बोट लावलं. बाप्तिस्म्याला ती आली, आजी म्हणून पुढच्या बाकावर बसली. नवरा आला नाही. मीही त्याची वाट पाहिली नाही.

त्या दिवशी सासू आणि दीर गेल्यावर मी चाचीला विचारलं, मला का गप्प बसवलंस?

"बीबी मरियमला बी अल्लानं तेच सांगितलं व्हतं, कुणाशी बोलू नको. ती लेकराला घिऊन घरी आली तर लोक नाय नाय ते बोलाया लागले. तिनं नुसतं लेकराकडं बोट केलं. आन् हजरत ईसा पाळण्यातून बोलले, आईच्या बाजूनं."

तिने माझ्या मांडीवरचं बाळ उचललं आणि खांद्यावर घेऊन थोपटू लागली.

"तुझ्या ह्याला कुठं बोलाया येतंय अजून? मग मीच बोलले."