उघड्या टपाच्या गाडीचं गिऱ्हाईक

माझ्याकडे एकेकाळी लाल रंगाची, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी होती असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. त्यांचं काही चुकत नाही. मी चंद्रपुरात राहणारा, पाटबंधारे खात्यातला कनिष्ठ अभियंता. स्वभाव असा, की मेथीची जुडी घेतली तरी ती सोडून आत गवत आहे का ते बघणार. असल्या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघालेली ती नाचरी गाडी नागपूरच्या एका हौशी बिल्डरकडून का विकत घेतली, याचं उत्तर एकच आहे. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

चंद्रपुरात उघडी गाडी म्हणजे निव्वळ खुळेपणा. मार्च ते जून तिच्या सीटला हात लावायची सोय नाही, मग पाऊस, आणि बारा महिने कोळशाची धूळ. पांढरा सदरा घालून निघालेला माणूस करडा होऊन परत यायचा. म्हणून मी ती फक्त थंडीतल्या रविवारी सकाळी काढायचो, मूल गावाच्या रस्त्याने थोडं जाऊन परत. एरवी ती टिनाच्या शेडमध्ये आईच्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळलेली असे. कापडी टपाची घडी घालताना मी मधे मऊ चादर ठेवायचो, म्हणजे मागच्या प्लास्टिकच्या काचेला चीर पडू नये. सात वर्षं मी हे इमानाने केलं.

दुसरी मुलगी झाल्यावर बायको एकदा म्हणाली, "आपण चौघं. गाडीत बसणार दोघं. बाकीच्या दोघींना काय टपावर बसवायचं? आणि टप तरी कुठंय?" गाडी विकायची ठरली.

आता खरी भीती सांगतो. आमच्याकडे जुनी गाडी विकायची रीत अशी, की विकणारा कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून देतो, घेणारा गाडी घेऊन जातो आणि कागदावर नाव चढवायचं राहून जातं. माझ्या थोरल्या भावाने अशीच जीप विकली होती. ती पुढे जंगलात चोरीच्या सागवानासकट धरली गेली. कागदावर नाव भावाचंच, म्हणून कोर्टाच्या तारखांना तोच जात राहिला. निर्दोष सुटला, पण तोवर डोक्यावरचे केस गेले. मी तर सरकारी नोकर. माझ्या नावाची गाडी कुठे नको तिथे सापडली असती तर आधी निलंबन, चौकशी नंतर. त्यात नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, आणि आमच्या बाजूने रोज कुठल्या ना कुठल्या वाहनातून तिकडे दारू जायची. दुधाच्या कॅनमधून जायची, स्कूटरच्या सीटखालून जायची. त्यामुळे गडचिरोलीहून कोणी गाडी बघायला आला, की माझ्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

आणि नेमका तोच आला.

त्याआधी तिघे येऊन गेले होते. घुग्घुसचा एक ट्रकमालक नुसताच हसून गेला. एका डॉक्टरने चक्कर मारली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तिसऱ्याने तिला एसी बसेल का, असं विचारलं. पण हा चौथा वेगळा होता. पन्नाशीचा, सडपातळ, केसांना मेंदी लावलेली, शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप. आपल्याकडे गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा. याने तो विचारलाच नाही.

"डिक्की उघडा जी," तो म्हणाला. मी उघडली. त्याने टेप काढून डिक्कीची लांबी, रुंदी आणि खोली मोजली आणि आकडे तळहातावर लिहिले. मग सीटमागची जागा मोजली. मग सीटवर न बसता सीटच्या मागच्या काठावर चढून बसला आणि इकडेतिकडे बघत राहिला.

"हे वजन सहन करते ना?" त्याने विचारलं.

"कसलं वजन?"

"असंच जी. धंद्याले पाहिजे."

"कसला धंदा?"

"आहे आपला लहानसा." एवढं बोलून तो दुसरीकडे बघायला लागला. मी खोदून खोदून विचारलं, पण गडी ताकास तूर लागू देईना. शेवटी त्याने विचारलं, "भाऊ, हे अगदी हळू चालते का? म्हणजे माणूस पायी चालते, तसं? घंटाभर चालवली तर गरम तं नाई होत?"

हे ऐकून माझी खात्रीच पटली. तपासणी नाक्यावर वाहनांची रांग लागते, तिथे गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकवावी लागते. आज विचार केला तर हसू येतं. त्याने वेगाने चालते का असं विचारलं असतं, तर तो पळून जायच्या तयारीत आहे असं मी म्हटलं असतं. संशय एकदा डोक्यात शिरला, की त्याला काहीही खायला घाला, ते पचतं.

मग मी त्याला नाही का म्हटलं नाही? कारण दोन महिन्यांत खरं गिऱ्हाईक तेवढं एकच आलं होतं, आणि तो घासाघीस करत नव्हता. यातही मला पाणी मुरताना दिसलं, ते सोडा. मी अट घातली, की आधी आरटीओत नाव चढवायचं, मग किल्ली. तो काकुळतीला आला. "इथून ना-हरकत दाखला निघन, मंग तिकडे नाव चढन. महिना जाईन जी. मले पंधरा दिवसांत गाडी पाहिजे. काऊन अडवून राह्यले?" घाई कशाची, ते मात्र सांगेना. शेवटी मी स्टॅम्पपेपरवर ताबापावती केली. त्यात गाडी दिल्याचा दिवस, तास आणि मिनिटही लिहिलं आणि यापुढे घडेल त्याला घेणारा जबाबदार, असं वाक्य दोनदा घातलं. त्याने न वाचताच सही केली. न वाचता सही करतो, म्हणजे नियत साफ नाही, असं मी बायकोला म्हटलं. बायको म्हणाली, "किंवा साफ आहे."

गाडी गेली. शेडमध्ये लुगडी तेवढी राहिली. मला वाटलं होतं, गाडीची आठवण येईल. आठवण यायची ती कागदाची. नाव अजून माझंच होतं. ऑफिसात फोन वाजला की मी आधी दुसऱ्याला उचलायला लावायचो. चौथ्या दिवशी मला राहवेना. शाळेतला माझा एक सोबती पोलिसात होता आणि तेव्हा नदीकडच्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर त्याची ड्यूटी होती. मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. डिक्की मोजली, वजनाचं विचारलं, धंदा लपवला.

"लाल उघडी गाडी आली तं नीट पाहून घेजो," मी म्हणालो. "पण माझं नाव नको घेऊ."

"तुझं नाव कायले घेईन? पक्की खबर आहे म्हणीन," तो म्हणाला. त्या रात्री मी शांत झोपलो. स्वतःला फार हुशार समजत होतो.

दहा-बारा दिवसांनी तो माणूस आमच्या दारात उभा राहिला. मला वाटलं, भांडायला आला. पण त्याने पायातले जोडे बाहेर काढले, आत आला आणि पाणी मागितलं. मग त्याने सांगितलं, त्याचा धंदा कोणता ते.

तो मंडप आणि रोषणाईचं काम करायचा. वरातीला घोडा मिळत नाही, मिळाला तर बॅन्डच्या आवाजाला बिथरतो, म्हणून नवरदेवासाठी उघडी लाल गाडी आणायची कल्पना त्याला सुचली होती. गडचिरोलीत तशी गाडी कोणाकडेच नव्हती. नवरदेव सीटच्या काठावर बसणार, फुलं सीटमागे, आणि बल्बच्या माळांची बॅटरी डिक्कीत. म्हणून टेप. म्हणून पायी चालायचा वेग. लग्नसराई तोंडावर होती, म्हणून घाई.

"तुमाले तवाच सांगितलं असतं जी," तो म्हणाला, "पण तुमी चंद्रपूरचे. इथल्या कोण्या बॅन्डवाल्याले सांगसान, अन् तो माह्या आधी गाडी आणन, असं वाटलं मले." म्हणजे तोही माझ्यावर संशय घेत होता. फक्त त्याच्या संशयाने कोणाचं काही बिघडलं नाही.

पहिलीच वरात होती. नवरदेव नदीच्या अलीकडच्या सावली गावचा, मांडव गडचिरोलीत. फुलं लावलेली गाडी त्याला घेऊन निघाली आणि नाक्यावर अडवली गेली. पक्की खबर होती ना. फुलं उतरवली, बॅटरी बाहेर काढली, माळा रस्त्यावर पसरल्या, सीटचं रेक्झिन ब्लेडने उसवून आत हात घालून पाहिलं. भर दुपारी नवरदेव फेटा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून होता. काहीच सापडलं नाही. पण मुहूर्त टळला, आणि मांडवात बातमी पोचली ती अशी, की नवरदेवाच्या गाडीत दारू धरली. त्या हंगामात पुढच्या वरातींसाठी गाडी ठरवलेल्या सगळ्या लोकांनी निरोप पाठवले, की तुमची गाडी नको.

"तीस वर्सं मंडप टाकून राह्यलो जी," तो म्हणाला. "कोणाच्या घरी जाऊन पानी मागतलं तं आधी बसवत होते. आता दारातूनच बोलतात."

बायको आतून चहा घेऊन आली, तिने माझ्याकडे बघितलं, कप ठेवला आणि निघून गेली. तिला मी नाक्यावरचं काही सांगितलेलं नव्हतं. तरी तिला कळलं असावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण भीती जास्त होती. हा माणूस बोंब मारेल, सोबती अडचणीत येईल, ऑफिसात कळेल. त्याही घटकेला माझ्या डोक्यात ऑफिसच होतं.

तो काही मागायला आला होता, आणि ते पैसे नव्हते. त्याला एक कागद हवा होता. "तुमी सरकारी मानूस. लिहून द्या, का ही गाडी चांगल्या घरची आहे. तुमी सात वर्सं कशी ठेवली, ते लिहा. लोकायले दाखवीन." गाडीच्या चारित्र्याचा दाखला लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच येत होती. मी लिहिला. सदर वाहन माझ्या ताब्यात असताना त्यातून कोणताही गैरप्रकार झालेला नाही. सदर गृहस्थ प्रामाणिक असून त्यांचा मंडप व रोषणाईचा व्यवसाय आहे.

त्याने कागद हातात घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. या वेळी त्याने पूर्ण वाचला. मग परत माझ्यासमोर ठेवला.

"यात एक लिहाचं राह्यलं जी. कोनीतरी खोटी खबर देली होती, म्हणून झडती झाली. तेही लिहा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला माहीत होतं का, याचा अंदाज घेत होतो. आजही मला तो आलेला नाही. चेहरा अगदी सरळ होता. मी पेन उचललं आणि लिहिलं, एका अज्ञात इसमाने दिलेल्या खोट्या खबरीमुळे सदर वाहनाची झडती घेण्यात आली.

"अज्ञात म्हंजे?" त्याने विचारलं.

"ज्याचं नाव माहीत नाही, तो."

"बरं," तो म्हणाला. त्या ओळीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "आता इथी सही करा जी. पुरं नाव लिहा."

मी पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.