मध्ये मॅग्नेशियम असलं की

आमच्या सुरतच्या लॅबमध्ये धड रीडिंग महिन्यातून एखादंच येतं, किस्से मात्र रोज. थिसिसमध्ये त्यांना जागा नसते, म्हणून साचत जातात.

काम म्हणाल तर एका ओळीचं. डीएनए पाण्यात घालून तापवायचा आणि त्याच्या दोन पट्ट्या किती तापमानाला सुटतात ते बघायचं. मॅग्नेशियम असलं की उशिरा सुटतात, तांबं असलं की लवकर. नवागामचा भूषण पाटील चार वर्षं हेच करत होता. एकदा डबा देताना त्याची खानदेशी आई म्हणाली, "चार वरीस व्हयनात, आजून उकळनं नई का?"

*

आमच्या गाईड मॅडम लॅबमधल्या नव्या मुलींना समजावत होत्या. "दोन्ही पट्ट्यांवर ऋण भार, म्हणजे एका घरातल्या दोन जावा. मॅग्नेशियम ही सासू. मध्ये बसली की दोघी गप्प."

"आणि तांबं?"

"नणंद."

मॅडम स्वतः तीन भावजयांची नणंद आहेत.

*

एकदा भूषणचा नुसता डीएनएसुद्धा लवकर सुटायला लागला. महिनाभर कारण सापडेना. शेवटी कळलं, लॅब झाडणाऱ्या शांतामावशी प्लास्टिकच्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर रोज संध्याकाळी तांब्याच्या कळशीत भरून ठेवत होत्या आणि सकाळी परत कॅनमध्ये ओतत होत्या.

"तब्येतीला चांगलं असतं," मावशी म्हणाल्या.

"कोणाच्या?" मॅडमनी विचारलं.

महिन्याची रीडिंग कचऱ्यात गेली. मुदतवाढ शेवटची होती. भूषण जिन्यात जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं, पण कळशीतलं पाणी मीही प्यायलो होतो, त्यामुळे बोललो नाही.

*

सगळं पुन्हा करून त्याने थिसिस दिला. तोंडी परीक्षेला बमरोलीच्या डाइंग मिलमधून सुट्टी काढून वडील आले, मागच्या बाकावर बसले. परीक्षक नागपूरचे, कडक. इथे अडकला तर चार वर्षं पाण्यात.

"दोन्ही पट्ट्या एकमेकींना ढकलतात. मग मॅग्नेशियम नेमकं काय करतं? सोप्या मराठीत सांगा."

भूषण खडू शोधू लागला. मॅडम छताकडे बघू लागल्या.

मागून आवाज आला, "साहेब, आम्हना डाइंगमा बी असंच शे. सुती कापड आन रंग एकमेकले जवळ येऊ देत नई. मंग मीठ टाकनं पडस."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "किती टाकता?"

"रंग देखीसन."

"आणि जास्त पडलं तर?"

वडील उठून पुढे आले आणि फळ्यापाशी उभे राहून सांगू लागले. पाच मिनिटांनी मॅडमनी हळूच विचारलं, "सर, भूषणचं काय?"

"तो पास आहे. त्याला बसायला सांगा, मला ऐकू द्या."