सर स्टुलावर बसले

गेल्या हिवाळ्यात, मोहोळच्या एका मोबाइलच्या दुकानात, आमच्या खालच्या मजल्यावरचे खो-खोचे सर स्टुलावर बसले. त्याआधी त्यांना कशावरही पाय सोडून बसलेलं पाहिलेला माणूस सोलापुरात सापडणार नाही.

सर उकिडवे बसत. मैदानावर, न्हाव्याकडे, बँकेत नंबर येईपर्यंत. पुतणीच्या लग्नात व्याह्यांनी सोफ्याचा फारच आग्रह धरला, तेव्हा चपला काढून ते सोफ्यावर उकिडवे बसले आणि सरबत तसंच संपवलं. "खुर्चीनं मानसाचा गुडगा मारलाय," असं त्यांचं मत होतं. सोसायटीच्या सभेलाही ते सगळ्यांना उकिडवं बसवत. सभा लवकर संपे, कारण बाकीच्यांच्या पायांना मुंग्या येत. दुखण्याबाबतही त्यांचा नियम ठरलेला होता: सूज दिसली पाहिजे, नाहीतर एक्सरेत हाड मोडलेलं दिसलं पाहिजे. दोन्ही नसेल तर ते नाटक. त्यांच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी राज्य निवडीच्या तोंडावर गुडघा धरून बसली. एक्सरे स्वच्छ आला. "फोटोत काय बी न्हाय. नाटकात जा की," सर सगळ्या संघासमोर म्हणाले. ती पुन्हा मैदानावर आली नाही.

काही वर्षांनी, खांबाजवळ सूर मारून दाखवताना सरांचाच गुडघा अडकला. एक्सरे स्वच्छ आला. मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा उडाली आहे. तिला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती आपोआप भरून येत नाही. दुर्बिणीतून चांगल्या कूर्चेचा कण काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग गुडघा उघडून त्या खड्ड्यात बसवायच्या.

"पन फोटोत काय बी न्हवतं की," सर म्हणाले.

"एक्सरेत कूर्चा दिसतच नाही. त्याला एमआरआय लागतो."

परतीच्या वाटेवर सर गाडीच्या मागच्या सीटवर आडवे पडून टेंभुर्णीपर्यंत तो स्वच्छ एक्सरे उजेडासमोर धरून बघत होते.

पेशी वाढत होत्या तेव्हा शेजारी चौकशी करत. "विरजण लावलंय पुण्यात," एवढं सांगून सर खाली बघत. शस्त्रक्रिया झाली. कुबड्या आल्या, उकिडवं बसणं बंद झालं. सर उभे राहत, नाहीतर आडवे होत, खुर्ची नाही. मग एका सकाळी म्हणाले, "मोहोळला जायचंय. गाडी काढा."

ती मुलगी आता भावाच्या दुकानात काउंटरमागे बसते. सरांना पाहून उठली नाही. "चार्जर पायजे का, सर?" तिनं विचारलं. सरांची हाक एरवी मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायची. कुबड्या टेकत ते काउंटरच्या मागे गेले, तिच्या पाठीला बोटं लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "खो." ज्याला खो मिळतो त्यानं उठायचं आणि देणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं, हा खेळाचा नियम आहे. ती सवयीनं उठली. सर तिच्या स्टुलावर बसले.

"फोटोला दिसलं न्हाय, मला बी दिसलं न्हाय," ते म्हणाले. "तू खरं सांगत हुतीस."

"आता सांगून काय उपयोग, सर? जिना चढताना अजून अडकतोय."

"तेच दाखवायला जायचंय. चल की."

पुढच्या आठवड्यात तिचा एमआरआय झाला. खोलीबाहेर बाक रिकामं होतं. सर कुबड्यांवर उभे होते. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. कूर्चा उडालेली आहे. जखम जुनी आहे.