कालिजवालीला बघायला आले

आमच्या तात्यांच्या घरात एक नियम होता. कोंबडीला दाणा टाकायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

मी विचारलं. आणि तिथून जे घरंगळत गेलं ते थेट माझ्याच डोक्यावर येऊन आदळलं. तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. पण चहा निवू देऊ नका, कारण ही फजिती जरा लांबलचक आहे.

मागच्या वर्षी हिवतापानं माझं एक सत्र बुडालं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत. आडबाजूच्या एका स्टेशनावर असिस्टंट मास्तर. तिथं ना डॉक्टर, ना दूध. म्हणून मला दिवाळीपासून होटगीजवळच्या आमच्या गावी, थोरल्या चुलत्यांकडे ठेवलं. चुलते म्हणजे तात्या. चुलती म्हणजे थोरली आई. जूनमध्ये पुन्हा पुण्याला कॉलेजात जायचं, असं ठरलेलं होतं. पण ठरलेलं म्हणजे काय? तात्यांनी मान हलवली तर. आमच्या घरात आप्पासुद्धा तात्यांपुढे टोपी काढून बसतात. त्या मानेवर माझं बी.ए. लटकत होतं, एवढं ध्यानात ठेवा.

ताप उतरल्यावर मला करायला काही नव्हतं. परसात तात्यांच्या कोंबड्या होत्या. होत्या म्हणजे, असायच्या. दरवर्षी उन्हाळा लागला की मानमोडीची साथ यायची, निम्म्या माना टाकायच्या, आणि थोरली आई म्हणायची, त्यांचं तेवढंच होतं. खुराडं असं, की आत वाकून बघितलं तर माणसालाच साथ लागावी. पाण्याला फुटका परळ, त्यात शेवाळ. आणि खायला काय? नियम सांगितलाच.

मी तात्यांना विचारलं, दाणा का नाही टाकायचा?

तात्या म्हणाले, न्हाय टाकायचा.

मी म्हटलं, पण का?

तात्यांनी चिलीम खाली ठेवली, थोरल्या आईकडे बघितलं आणि विचारलं, ही पुण्यात असंच बोलती का मास्तरांसंगं?

मग मी ठरवलंच. पुण्याहून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं माझ्याकडे, कुक्कुटपालनाचं. त्यात कोंबड्यांना काय काय घालावं ते लिहिलं होतं. वाचून वाटलं, या कोंबड्या बंगल्यात राहत असाव्यात. आमच्या गावात त्यातली एक वस्तू मिळेल तर शपथ. शेवटी खरी विद्या दिली ती शेजारच्या गंगव्वानं. गंगव्वा अक्कलकोटकडची, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची, आणि दोन्हीत मला येडी म्हणायची. तिनं एक गाडगं घेतलं, त्यात ओलं शेण आणि ज्वारीची धाटं कोंबली, आणि सांजच्याला बांधावर वाळवीच्या जागी पालथं घालून ठेवलं. सकाळी उचललं तर आत वाळवीच वाळवी. पिलांपुढे झटकलं, आणि काय सांगू, लग्नातल्या पंगतीतसुद्धा माणसं इतक्या निष्ठेनं जेवत नाहीत.

मग मी सुटलेच. खुराडं झाडून राख शिंपडली, खाली कडुलिंबाचा पाला अंथरला. लोळायला मऊ माती आणि राखेचा खड्डा केला, कारण कोंबडीची अंघोळ म्हणजे तीच. रोज ताजं पाणी. शेवग्याचा पाला. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून. सांजेला ताकात भिजवलेला ज्वारीचा भरडा, मूठभर. मूठभरच, कारण जास्त घातलं की त्या उकरायला जायच्याच नाहीत, दारात बसून राहायच्या, आणि सुजल्यासारख्या दिसायच्या. दिवसभर कोंबडीनं हिंडून आपलं आपण खावं, हे तात्यांचं बरोबर निघालं. हे मी तात्यांना आजवर सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

उन्हाळा आला. गावात साथ आली. आमच्या परसात एकही मान वाकडी झाली नाही.

त्यातल्या एका तलंगीवर, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीवर, माझा फार जीव. काळीभोर, मानेला तांबूस झाक, पाय पिवळेधमक. चालायची अशी की जणू गाव तिच्या नावावर आहे. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला यायची नाही. लोक कुंपणावरून बघून जायचे. मी मात्र फुशारकी मारली नाही. फक्त येणाऱ्या प्रत्येकाला आहारशास्त्र समजावून सांगितलं, इतकंच.

आता खरा किस्सा.

मे महिन्यातली दुपार. मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. पलीकडे ओसरीवर तात्या आणि थोरली आई बोलत होते, आवाज खाली घेऊन. आमच्या घरात आवाज खाली गेला की समजायचं, काहीतरी शिजतंय. मी रवी थांबवली.

"परवा येत्यात," तात्या म्हणाले. "करमाळ्याचं आबा पाटील सोता. कालिजवालीला बघाया."

कॉलेजवाली! सबंध पंचक्रोशीत कॉलेजात गेलेली बाई कोण? तुम्हीच सांगा.

थोरली आई म्हणाली, "अन् कळलं म्हंजे?"

"कळू द्यायचं न्हाय आदुगर. लई बोभाटा हुईल. पावनं दारात आलं की मग काय करतीय?"

मग थोरल्या आईनं गुण वाचले. अंगानं भरलीया. चालती बी ठसक्यात. आवाज तेवढा लई हाय. तात्या म्हणाले, तितं चौघीत पडली की हुईल गप. आणि आबांकडचा बी काय साधा न्हाय, नगरचा हाय, तुरेबाज, सगळी आळी त्याला वचकून असती. मी डोळ्यांपुढे आणला: फेट्याचा तुरा, मिशीला पीळ, आळीवर गुरगुरणारा. आणि त्या घरात मी चौघीत पडणार! म्हणजे आधीच्या तिघी कोण? जावा? की, देवा, सवती?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण तात्या पुढे म्हणाले, "बदल्यात दोन मेंढ्या देतो म्हणालाय."

आणि थोरली आई काय म्हणाली असेल?

"दोन? तिला? येक बी लई झाली की."

मी त्या रात्री जेवले नाही. बी.ए.च्या उंबरठ्यावरची मुलगी, शेक्सपिअर वाचलेली, तर्कशास्त्रात पहिली आलेली, आणि भाव काय? दोन मेंढ्या, त्याही चुलतीच्या मते जास्त!

सकाळी उठून मी तडक होटगी जंक्शन गाठलं. रेल्वेतल्या माणसांच्या घरी टपाल कुणी वापरत नाही. आप्पांच्या ओळखीचे एक गार्ड निघालेच होते, त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय लिहिलं, ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे, पण सगळं सांगणार नाही. शेवटचं वाक्य एवढंच: 'आपल्या मुलीचा दोन मेंढ्यांच्या बदल्यात व्यवहार होत असताना आपण सिग्नल बघत बसणार असाल तर बसा.'

बिचारे आप्पा! रजा टाकून, मालगाडीच्या ब्रेकव्हानात बसून, परवाच्या सकाळी कोळशानं काळेठिक्कर होऊन दारात उभे. तात्यांनी विचारलं, मधीच कसा आलास? आप्पा तात्यांपुढे गडबडले आणि म्हणाले, सहज. मी आतून बघत होते. माझ्या बाजूनं लढायला आलेलं हे सैन्य टोपी काढून कोपऱ्यात बसलं.

तेवढ्यात पाहुणे आलेच. आबा पाटील म्हणजे उंचापुरा, साठीचा माणूस. बरोबर एक गडी, गड्याच्या हातात झाकणाची पाटी. मला वाटलं, ओटीचं सामान! थोरल्या आईनं सकाळीच मला सांगितलं होतं, चार माणसं येणार, जरा बरं नेस, परस झाडून घे. परस कशाला, ते विचारायचं मला सुचलं नाही. मी मुद्दाम कॉलेजातलं पांढरं पातळ नेसले, पुणेरी पद्धतीनं, केस न विंचरता. बघू दे काय बघायचं ते.

शेंगाचे लाडू पुढे गेले. पाऊसपाण्याचं झालं. मग आबा पाटलांनी मांडी बदलली.

"हां, तात्या. आणा की बाहीर कालिजवालीला. जरा चालवून दावा. मी पाय बघितल्याबिगर न्हेत न्हाय."

तात्यांनी आत बघून हाक मारली, "शके, ये बाहीर. तुझ्याबिगर आवरायची न्हाय."

मी बाहेर आले. आणि सुरू झाले.

काय काय बोलले म्हणता? मी म्हटलं, मी चालून दाखवणार नाही. पाय दाखवणार नाही. अंगानं भरलेली असेन तर माझ्या घरचं खाऊन आहे. आवाज मोठा आहे आणि मोठाच राहील, चौघीत काय, चाळीस जणींत पडले तरी. तुमच्या तुरेबाजाला वचकायला मी काही तुमची आळी नाही. माणसाच्या जिवाचा मेंढ्यांशी सौदा करणाऱ्यांनी आरशात तोंड बघावं. बहुधा मी मध्येच एक इंग्रजी वाक्यही म्हटलं. शेवटी म्हटलं, "आलात तसे परत जा. मला जूनमध्ये कॉलेजात जायचंय."

आबा पाटलांचा लाडू तोंडापाशी थांबलेला. गडी पाटी घेऊन उभाच. तात्या माझ्याकडे असे बघत होते, की हिचा हिवताप डोक्यात चढला की काय.

आबा हळूच म्हणाले, "बाय, तुमी न्हाय."

आणि नेमकी त्याच वेळेला थोरली आई परसाकडून आली. पदर सुटलेला, केसात पाला, हातावर नखांचे ओरखडे, आणि काखेत माझी काळीभोर तलंग, पंख फडफडवत, सगळं गाव गोळा होईल असा आरडाओरडा करत.

"घ्या," थोरली आई धापा टाकत म्हणाली. "ही तुमची कालिजवाली. धरता धरता जीव गेला माजा."

मला सांगा, जमीन दुभंगण्याची सोय फक्त सीतेलाच का करून ठेवली आहे?

हळूहळू उलगडलं. माझ्यामागे सगळं घर त्या तलंगीला कालिजवाली म्हणत होतं. कारण काय, तर तिचं खाणं सगळ्यांपेक्षा निराळं, आणि आवाज सगळ्यांपेक्षा वर. आबा पाटलांना साथीतून वाचलेलं वाण हवं होतं. त्यांच्याकडे नगरहून आणलेला जातिवंत कोंबडा आणि तीन कोंबड्या होत्या. पाटी होती ती कालिजवालीला न्यायला. मी सोडणार नाही म्हणून तात्यांनी गुपचूप ठरवलं होतं.

आप्पा कोपऱ्यातून पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे मेंढ्या कोंबडीच्या?"

"मंग काय पोरीच्या?" तात्या म्हणाले. "हिच्या लग्नाचं कोण बोललं होतं? हिला जूनमधी पुण्याला धाडायची, हे मी दिवाळीतच ठरवलंय. येवडी शिकलेली पोर, तिला करतंय कोण, म्हणून आमी तो विषयच टाकून दिला व्हता."

ऐकलंत? विषयच टाकून दिला होता. आणि तो उचलून, झटकून, पाहुण्यांच्या मधोमध कुणी आणून ठेवला? मी.

कारण आबा पाटलांनी हसून हसून आलेले डोळ्यांतले पाणी पुसले, लाडू संपवला, आणि आता ते माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघायला लागले. म्हणाले, "तात्या, पोरगी बाकी करारी हाय. माझा धाकला हाय की, वकिलीचं शिकतोय. बघायचं का?"

तात्यांचा चेहरा उजळला. थोरली आई कोंबडीसकट पुढे सरकली. आणि आप्पा, माझे आप्पा, ज्यांना मी चिठ्ठी धाडून बोलावलं होतं, ते टोपी चढवत म्हणाले, "कितव्या वर्षाला आहेत चिरंजीव?"

मी थोरल्या आईच्या काखेतून तलंग ओढून घेतली, खांद्याशी धरली, आणि ताठ उभी राहिले.

"या घरातली एकही कॉलेजवाली करमाळ्याला जाणार नाही," मी म्हटलं. "ही नाही आणि मी नाही. दोन मेंढ्या आणा, नाहीतर वकील आणा."

आणि काय सांगू! सगळी ओसरी चिडीचूप. तात्यांनी नजर खाली घातली. आबा पाटील मिशीवर हात ठेवून गप्प. आप्पा आढ्याकडे बघायला लागले. थोरल्या आईनं पदर तोंडाला लावला. जन्मात पहिल्यांदा आमच्या घरची मोठी माणसं माझ्यापुढे अवाक झाली होती, आणि मी ती शांतता चांगली घटकाभर, मान उंच करून, डावीकडे उजवीकडे बघत उपभोगली.

मग आत येऊन आरशासमोर उभी राहिले. पांढऱ्या पातळावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, कालिजवालीनं आपलं सगळं आहारशास्त्र सोडून ठेवलं होतं, आणि ते मला सांगायचं बाहेर सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.