वगळलेलं साल

संत्रा बर्फी मी खात नाही. नागपूरचा माणूस असून असे नखरे, असं पाहुण्यांना वाटतं. पण तिचा नुसता वास आला तरी मला आमचे साहेब आठवतात आणि शिसारी येते.

सत्तरच्या दशकात मी पावसाची आकडेमोड करणाऱ्या एका ऑफिसात होतो. मागच्या सालांच्या आकड्यांवरून येत्या पावसाळ्याचा अंदाज काढायचं एक गणित साहेबांनी बसवलं होतं. त्याला ते मॉडेल म्हणत. खरा पाऊस एका साली नदीकाठची घरं बुडवायचा, दुसऱ्या साली तोंड दाखवायचा नाही. मॉडेलचा पाऊस मात्र पेन्शनर फिरायला निघावा तसा, दरवर्षी त्याच सरासरीच्या रस्त्याने.

एक कोरडं साल काही केल्या त्यात बसेना. त्याच साली खाप्याला माझ्या थोरल्या बहिणीची विहीर आटली आणि संत्र्याची बाग उभी वाळली. साहेबांनी ते साल अपवाद ठरवून काढूनच टाकलं. उरलेल्या सालांशी गणित जुळलं, तर स्वारी एवढी खूश की धरमपेठेतून संत्रा बर्फी मागवली. म्हणाले, "बघा, कसं फिट्ट बसलं." ज्या सालांवरून गणित बांधलं, त्याच सालांवर ते तपासायचं, आणि नडेल ते साल बाहेर. सगळे बर्फी चघळत माना डोलवत होते. मी माझा तुकडा मागच्या नळावर जाऊन थुंकलो.

त्या उन्हाळ्यात बहीण आणि भाऊजी घरी आले. चुलीत अजून बागेचंच लाकूड जळतंय, असं ती सांगत होती.

"यंदा नवी कलमं लावू म्हणतो," भाऊजी म्हणाले. "पण पावसानं दगा देला तं पुन्हा सारं वाळते. तुमचं ऑफिस काय म्हणते?"

"सरासरीइतका पडते म्हणते."

"मंग लावू?"

"त्याच्या भरवशावर नका लावू. तुमची बाग गेली ते साल आमच्या गणितात धरलंच नाही."

बहिणीने विचारलं, "काहून नाही धरलं?"

"गणितात बसत नव्हतं."

ती म्हणाली, "अन् तू तिथंच काम करून राहिला गा?"